मायच्या हाताला चटका लागायचा नाही

आमच्याकडे खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. लेक दिवाळीला नाही आली तर कुणी काही बोलत नाही, आखाजीला नाही आली तर गल्ली विचारते. आणि आखाजीला आमरस आणि खापरावरचे मांडे. ज्यांनी मांडे होताना पाहिले नाहीत त्यांना सांगते, ही पुरणपोळी पोळपाटावर लाटायची गोष्टच नाही. वस्त्रगाळ पीठ, ते भरपूर पाणी घालून इतकं मळायचं की ताणलं की ताणतच जायला पाहिजे, मग दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून थोडं लाटायचं आणि तिथून पुढे सगळं हातावर. पालथ्या हातांवर, मनगटावर, कोपरापर्यंत तो मांडा फिरवत फिरवत मोठा करायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. टाकताना हात खापराच्या अगदी जवळ जातो. नवीन बाईचा हात पहिल्या दिवशी दोन-तीनदा तरी भाजतो.

मायचा भाजायचा नाही. म्हणजे आम्हाला असं वाटायचं.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात लग्न असो की मयताच्या मागची गंधमुक्ती असो, मांडे करायला मायला बोलावणं यायचंच. ती खापरावरून मांडा नुसत्या हातानं उचलायची, घडी घालायची, चुलीतली पऱ्हाटी हातानंच आत ढकलायची. बाया म्हणायच्या, काय हात आहे. माय हसून म्हणायची, "मना हातले चटका लागतच नही." आम्ही भावंडं ते कौतुकानं सांगत फिरायचो. दादाच्या लग्नात तर व्याह्यांकडच्या बायांना मी स्वतः नेऊन दाखवलं, या बघा आमची माय. आता आठवलं की कसंतरी होतं, कारण त्या लग्नाच्या फोटोत तिच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली दोन काळे डाग स्पष्ट दिसतात. भाजल्याचे. तिला ते कधी झाले हेच माहीत नव्हतं.

बाकीचं पण सगळं डोळ्यासमोर होतं आणि कुणाला दिसलं नाही. मायची मान लहानपणापासून आखूड, केस मानेवर एकदम खालपर्यंत आलेले, अंबाडा घातला की तो जवळजवळ पाठीवर बसायचा. आजी म्हणायची देवानं हिला मान द्यायचीच विसरली. चिडवायचा विषय होता तो, दवाखान्याचा नव्हता. खोकला आला की डोकं मागून धरायची. शिंक आली तर आधी हात मानेवर जायचा आणि मग शिंक. हसायला आलं तरी तसंच, जोरात हसली की लगेच डोळे मिटून गप्प बसायची, आम्हाला वाटायचं पदराआड हसते, जुन्या वळणाची बाई आहे.

मग हळूहळू हात. ब्लाउजचे हुक लागेनात, वहिनीला हाक मारायला लागली. सुईत दोरा जाईना, तर म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधली गादी बसली, तिथे खड्डा पडल्यासारखा दिसायला लागला. पाणी पिताना ठसका, कधी कधी पाणी नाकातून यायचं. अंधारात अंगणातून जाताना भिंतीला हात लावून जायची.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. एकानं मणक्यात गॅप सांगितला आणि पट्टा दिला. दुसऱ्यानं मायग्रेन. तिसऱ्याकडे बी-ट्वेल्व्हची दहा इंजेक्शनं झाली. आमच्याकडे मान दुखली की गॅप, हाताला मुंग्या आल्या की गॅप, कंबर दुखली की गॅप, हा शब्द कुणी शोधला त्याला भेटायचंय मला एकदा. एक्स-रे काढले ते पण मानेच्या खालच्या मणक्यांचे, आणि त्या वयात कुणाचेही काढले तरी थोडी झीज दिसतेच, मग सगळे त्या झिजेवरच समाधानी.

आणि मग आमच्या घरानं केलेली सगळ्यात मोठी चूक, ती मी लिहिणारच आहे कारण अजूनही लोक करतात. कुणीतरी सांगितलं शेजारच्या गावात एक मान बसवणारा आहे, हात लावला की माणूस नाचत घरी जातो. दादा मोटरसायकलवर घेऊन गेला. त्यानं मायला खाली बसवलं, हनुवटी धरली आणि एक झटका. माय सांगते की मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट गेला आणि दोन्ही हात मेल्यासारखे पडले. तासभर उठता आलं नाही. तो म्हणाला नस मोकळी झाली, त्याचं लक्षण आहे. दोनशे एक रुपये घेतले. पुढे मुंबईच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला आणि दादाकडे बघत राहिले, बोलले काहीच नाही. दादा अजून त्या विषयावर आला की उठून बाहेर जातो.

त्याच वर्षी आखाजीला ते झालं. गल्लीतली एक म्हातारी, नाव कशाला, ती मांडे करताना मायच्या हाताकडे बघत होती. भाजलेले डाग, त्यातला एक ताजा, फोड आलेला, आणि माय त्याच हातानं मांडा फिरवतेय, तिला पत्ताच नाही. बोटं जराशी वाकडी झालेली. म्हातारीनं मांडा घेतला नाही. उठून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की हिला रगतपिती, म्हणजे कुष्ठरोग, आहे. ज्या हाताचं वीस वर्षं कौतुक केलं त्याच हातचं पाणी प्यायला दोन घरं तयार नव्हती. माय रात्री वट्यावर बसून एकच विचारत होती, "माले काय व्हयनं वं?" आणि मला उत्तर येत नव्हतं.

गंमत बघा, त्या म्हातारीमुळेच आजार सापडला. तिला शिव्या द्याव्या की तिच्या पाया पडावं हे मला आजपर्यंत ठरवता आलं नाही.

गावातली आशाताई, म्हणजे आशा सेविका, घरी आली आणि म्हणाली, मावशी, लोकं बोलतात त्यापेक्षा एकदा तपासून घेऊ ना. ती मायला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली, मी सोबत. तिथे एक नवीनच पोरगा डॉक्टर, वय असेल पंचवीस-सव्वीस. त्यानं घाई केली नाही हीच मोठी गोष्ट. कोपराजवळच्या, मानेच्या नसा चाचपल्या, जाड लागतात का बघितलं, अंगावर चट्टे शोधले. मग कापसाची बारीक वात करून मायचे डोळे मिटायला लावले आणि हातावर, खांद्यावर फिरवली. मायला प्रत्येक वेळी कळलं. मग त्यानं चहाचा गरम कप तिच्या हाताच्या मागच्या बाजूला लावला आणि विचारलं, काय आहे? माय म्हणाली, भांडं आहे. गरम की थंड? माय गप्प. मग म्हणाली, "साधंच से."

कप चांगला गरम होता, मी हात लावून पाहिला.

तो म्हणाला, कुष्ठरोगात चट्ट्यावरचा स्पर्शही जातो, नसा जाड होतात, इथे तसं काही नाही. यांना स्पर्श कळतोय आणि गरम कळत नाही. हे कातडीचं नाही, मणक्याच्या आतलं वाटतंय, जळगावला न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरला दाखवा, आणि तोपर्यंत मानेला कुणाला हात लावू देऊ नका. चिठ्ठी दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मायला हात लावून तपासलं होतं, रिपोर्टला नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो ऐकून मी चकित झाले. "मावशी, चालताना पायातली चप्पल निसटते का?" माय म्हणाली निसटते. "निसटली ते कळतं का, की पुढे गेल्यावर बघता?" माय माझ्याकडे बघायला लागली. कारण आमच्या घरात हा जोक होता, माय शेतात जाते दोन चपला घालून आणि येते एक घालून. आबा, म्हणजे आमचे वडील, मागून चप्पल उचलत यायचे. तो जोक पण लक्षण निघाला. मग त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडाला, हातावर मारली तर काहीच नाही. खाली बघायला लावलं तर बुबुळं आपोआप खाली झटके मारत होती. ते म्हणाले कवटी आणि मान जिथे जोडली जाते तिथे गडबड आहे, तिथलाच एमआरआय आणि सीटी करा.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी होत्या आणि चारही तोपर्यंत कधी ऐकलेल्या नव्हत्या. एक एक करून मला समजलं तसं लिहिते. आपल्या मानेचा पहिला मणका अ‍ॅटलास, तो अंगठीसारखा असतो आणि त्याच्यावर कवटी बसते. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते, त्या खुंटीभोवती पहिला मणका फिरतो. आपण मान डावीकडे-उजवीकडे फिरवतो त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल एकट्या त्या जोडात होते. मायचा पहिला मणका जन्मापासूनच कवटीला चिकटलेला, सुटा झालाच नव्हता. त्याच्या खालचा सांधा सैल आणि तिरका, त्यामुळे दुसऱ्या मणक्याची ती खुंटी वर सरकून कवटीच्या तळाच्या भोकात शिरलेली, याला बेसिलर इन्व्हॅजिनेशन म्हणतात. त्याच भोकातून मेंदूचं देठ खाली मज्जारज्जूत उतरतं. म्हणजे ज्या दारातून मेंदूची सगळी वायर जाते त्या दारात खुंटी ठोकलेली. तिसरं, लहान मेंदूची खालची टोकं त्याच भोकातून नऊ मिलिमीटर खाली उतरलेली, पाचच्या पुढे गेलं की त्याला कियारी म्हणतात. आणि चौथं, मज्जारज्जूच्या मधोमध पाणी साठून लांबच लांब पोकळी झालेली, सिरिंक्स.

लहान मेंदूच्या त्या टोकांना टॉन्सिल्स म्हणतात. रिपोर्टमध्ये टॉन्सिल्स खाली आलेत असं वाचून आबा डॉक्टरांना म्हणाले, साहेब, हिचे टॉन्सिल तर लहानपणीच काढलेत. डॉक्टर हसले नाहीत, नीट समजावलं, त्याबद्दल त्यांचे आभार. आणि कियारी हे नाव हान्स कियारी या ऑस्ट्रियन डॉक्टरवरून, त्यानं १८९१ मध्ये प्रागला असताना मृतदेहांच्या तपासणीवरून याचं वर्णन केलं. पण आबांच्या कानाला ते कैरीच ऐकू आलं. घरी फोनवर सांगत होते, हिले कैरीना आजार से. अर्ध्या गावाला अजून वाटतं की मायनं कैऱ्या जास्त खाल्ल्या.

पण एक गोष्ट आबांनीच सगळ्यात आधी ओळखली. डॉक्टर कागदावर चित्र काढून दाखवत होते की मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी सारखं वर-खाली होत असतं, भोक दाटलं की ते अडतं, खोकलं-शिंकलं की दाब वाढतो आणि मागून डोकं फुटायला होतं, आणि हळूहळू पाणी रज्जूच्या आत साठतं. आबा म्हणाले, म्हणजे ठिबकची नळी चोंदली. केळीची बाग करणारा माणूस, त्यांना बरोबर कळलं. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच समजा.

आणि चटका का लागत नाही? तर गरम-थंड आणि टोचल्याची खबर घेऊन येणाऱ्या तारा मज्जारज्जूच्या मधोमध एका बाजूच्या दुसरीकडे जातात. साध्या स्पर्शाच्या तारा मागच्या बाजूनं सरळ वर जातात. मध्ये पोकळी झाली की मधून जाणाऱ्या तारा आधी तुटतात, मागच्या शाबूत राहतात. म्हणून कापूस कळतो, कप कळत नाही. आणि हे सगळं दोन्ही हात, खांदे, पाठीचा वरचा भाग एवढ्यातच, जणू शाल पांघरल्यासारखं. पायाला चटका लागतो, तोंडाला लागतो. मायला हे सांगितलं तर ती म्हणाली मला वाटलं सवय झाली.

मी विचारलं, आयुष्यभर डोक्यावर चाऱ्याचे भारे, पाण्याचे हंडे वाहिले त्यानं झालं का हे? डॉक्टर म्हणाले हाडांची ठेवण जन्मापासूनची आहे, भाऱ्यानं ती झाली असं नाही, पण सैल सांध्यावर वजन ठेवणं चांगलं नाहीच. आबांनी त्या दिवसापासून तिला रिकामी घागर पण डोक्यावर घेऊ दिली नाही. पंचवीस वर्षं उशिरा, पण असो.

ऑपरेशन मुंबईला. रात्रीच्या गाडीनं गेलो, मायला मानेला कडक पट्टा बांधून, आणि प्रत्येक झटक्याला दादा तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसलेला. सरकारी मोठ्या हॉस्पिटलमध्ये योजनेचे कागद, रेशनकार्ड, झेरॉक्सच्या लायनी, ते सगळं ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून उपयोग नाही. मध्ये मी बरंच वाचून काढलं. या आजारात सर्जन लोकांची मतं वेगळी असतात, काहींमध्ये नुसतं मागचं भोक मोठं करून जागा करतात, काहींमध्ये सैल सांधा स्क्रूनं पक्का करतात. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात वेगवेगळे स्क्रू घालून प्लेटनं जोडायची जी पद्धत जगभर वापरतात ती तेव्हा मुंबईच्याच केईएम हॉस्पिटलमध्ये असलेल्या डॉ. अतुल गोयल यांची, १९९४ मध्ये त्यांनी ती छापून आणली, नंतर जर्मनीच्या हार्म्सनी त्यात बदल केले आणि आता दोघांच्या नावानं ओळखतात. हे वाचून मला उगाचच धीर आला, की जगातलं हे काम शिकायला लोक मुंबईला बघतात आणि आम्ही एका रात्रीच्या गाडीवर आहोत.

मायचा सांधा सैल होता म्हणून तिला स्क्रूच. आदल्या दिवशी भूलवाल्या मॅडम येऊन सांगून गेल्या की नळी घालताना मान मागे करता येणार नाही, म्हणून अर्धवट जागं ठेवून दुर्बिणीतून नळी घालू, घाबरू नका. माय कशाला घाबरते. तिला भीती एकाच गोष्टीची, केस कापतील का? मागचे कापले. ती त्यावर रडली. स्क्रूवर नाही, केसांवर.

सहा तास लागले. चार स्क्रू, आणि मध्ये भरायला कमरेच्या हाडाचा तुकडा काढलेला. शुद्धीवर आल्यावर तिची तक्रार मानेची नव्हतीच, कंबर का दुखते, कमरेला काय केलं, मी तर मानेसाठी आले होते. सिस्टर हसून हसून बेजार. चौथ्या दिवशी तिला शिंक आली. सवयीनं हात मानेवर गेला, पट्ट्याला आपटला, आणि शिंक होऊन गेली. ती थांबून राहिली. आम्ही पण. मग म्हणाली, "दुखनं नही."

आता दोन वर्षं झाली. सगळं परत आलं असं खोटं सांगणार नाही. डोकेदुखी गेली, ठसका गेला, चाल सुधारली, चप्पल पायात राहते. पुढच्या एमआरआयमध्ये पोकळी बारीक झालेली दिसली. हाताची गादी भरली नाही, ब्लाउजला पुढून चेन लावून घेतलीय. आणि चटका अजून लागत नाही. जे मेलं ते मेलं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ऑपरेशन पुढचं नुकसान थांबवायला आहे, मागचं किती येईल ते सांगता येत नाही. म्हणून घरात नियम आहेत. चुलीजवळ एकटी बसायचं नाही. दूध गरम आहे का ते वाटी गालाला लावून बघते. आंघोळीच्या पाण्यात आधी पाय घालते, मग हात. मान वळत नाही फारशी, हाक मारली की सगळीच्या सगळी वळते, गल्लीतली पोरं तिची नक्कल करतात आणि ती त्यांना गोळ्या देते.

ती म्हातारी ऑपरेशननंतर भेटायला आली होती. नारळ घेऊन. दोघी बराच वेळ कापसाच्या भावावर बोलल्या. मांड्यांचा विषय कुणीच काढला नाही.

या आखाजीला मांडे मी आणि वहिनीनं केले. पीठ मायनंच बघितलं, तर्जनीनं दाबून म्हणाली अजून मळ, तीन वेळा म्हणाली. मग खापरापासून लांब, खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. खापर तापलं का ते बघायला पाण्याचा थेंब टाकायला लावला, थेंब नाचला पाहिजे म्हणे, नुसता सुकून उपयोग नाही. मी हातावर मांडा फिरवला, बऱ्यापैकी मोठा झाला, कोपरापर्यंत आला, मला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि टाकताना कोपर खापराला असं काही टेकलं की मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी किंचाळले. उडीच मारली.

माय हसायला लागली. तोंड उघडं टाकून, पोट धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. दोन्ही हात पोटावरच होते, मानेकडे एकदाही गेले नाहीत. "लागना ना चटका?" मध्येच श्वास घेऊन म्हणाली आणि परत हसायला लागली.

मांडा अर्धा खापरावर, अर्धा चुलीत. तोवर वहिनीनं दुसरी पारी घेतली होती.